सर्व्हर तीन, कोअर बहात्तर, कोटेशन शहाण्णवचे: लायसन्सचा हिशेब तुम्ही कसा ठेवता?

रॅकवाला (६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी,

भोसरीत सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. आयटी म्हणजे मी, हाताखाली एक पोरगा आणि बाकी नशीब. तीन सर्व्हर आहेत. प्रत्येकात दोन सीपीयू, प्रत्येक सीपीयूला १२ कोअर (गणना करणारे गाभे). त्यांवर २२ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी संगणक) चालतात, १४ विंडोज आणि ८ लिनक्स. ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर), तिचा डेटाबेस म्हणजे एसक्यूएल सर्व्हर, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर आणि डिझाइनवाल्यांच्या कॅडचा लायसन्स सर्व्हर, सगळा संसार ह्या तिघांच्याच डोक्यावर.

आम्ही ईएसएक्सआय ७ वर आहोत (व्हीएमवेअर कंपनीचा हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर; व्हीस्फिअर हे त्याच्या संचाचे नाव). यंदा २ ऑक्टोबरला गांधी जयंती, दसरा आणि व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट संपणे असा त्रिवेणी योग आला. सोने लुटायच्या दिवशीच नव्या वर्गणीचे कोटेशन हातात पडले. त्यात ९६ कोअर लिहिलेत. बारा सक बहात्तर हे मला चौथीत शिकवले होते. वितरकाला विचारले तर म्हणाला, "सर, सिस्टीम तसंच काढते."

दोन प्रश्न आहेत.

७२ चे ९६ कसे झाले?

दुसरा जास्त महत्त्वाचा. हे सगळे तुम्ही ठेवता कसे? आमची काही लायसन्स एक्सेलमध्ये आहेत, काही जुन्या साहेबांच्या मेलमध्ये (साहेब निवृत्त होऊन सावंतवाडीला आंबे बघतात), आणि एक लायसन्स की चक्क सर्व्हरच्या झाकणावर मार्करने लिहिलेली आहे. उद्या कुठले लायसन्स संपले तर नक्की काय बंद पडेल आणि कधी, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. रात्री झोप लागत नाही ती ह्यामुळे.

वाचनमात्र

वाचतोय. आमच्याकडे झाकणावर नाही, रॅकच्या दारावर आहे. तेवढीच प्रगती.

खटपट्या

पहिल्याचे उत्तर सोपे आहे, पचायला जड. वर्गणीच्या पद्धतीत दर सीपीयूमागे किमान १६ कोअर धरतात. सीपीयूत १२ असोत नाहीतर ८, बिल १६ चेच. तुमचे सीपीयू सहा, म्हणून ९६. वितरकाचा आकडा बरोबर आहे, त्याला तो समजावता आला नाही इतकेच.

व्हीएमवेअरची मोजपट्टी ह्याआधीही बदललेली आहे. मुळात मोजणी सॉकेटवर (सीपीयू बसायच्या जागेवर) होती. २०११ ला व्हीस्फिअर ५ बरोबर व्हीरॅम आले, म्हणजे व्हीएमना दिलेल्या मेमरीवर आकारणी. इतकी ओरड झाली की वर्षभरात, ऑगस्ट २०१२ ला, मागे घेतले. मग एप्रिल २०२० पासून एका सॉकेट लायसन्समध्ये ३२ कोअरपर्यंतच, त्यावर दुसरे घ्या. नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबरपासून कायमस्वरूपी लायसन्सची विक्रीच बंद. आता फक्त वर्गणी, तीही कोअरवर.

२०११ ला लोक कमी मेमरीच्या व्हीएम करत होते, २०१९ ला जास्तीत जास्त कोअरचे सीपीयू घेत होते, आणि आज तुमचे १२ कोअरवाले महाग पडतायत. हार्डवेअर पाच-सात वर्षे टिकते, मोजपट्टी तेवढी टिकत नाही.

चहाबिस्किट

म्हणजे मंगल कार्यालयाचा हिशेब. पाहुणे १४० आले तरी "किमान २०० पानांचे पैसे द्यावे लागतील". फरक एवढाच की कार्यालयवाला उरलेली जिलबी डब्यात भरून देतो.

रॅकवाला

@खटपट्या, धन्यवाद. म्हणजे २४ कोअरचे पैसे मी हवेला देणार.

@चहाबिस्किट, जिलबीचा विषय काढू नका, आज उपास आहे.

राईनकाठ

इथे जर्मनीत गेली दोन वर्षे हाच विषय आहे. यंदा वसंतात तर एका ऑर्डरमध्ये किमान ७२ कोअर घ्यावे लागणार अशी बातमी आली होती. एका छोट्या सर्व्हरवाल्या दुकानदाराने काय करायचे? आरडाओरडा झाल्यावर ते मागे घेतले. फुकटचा ईएसएक्सआयही फेब्रुवारी २०२४ ला बंद केला आणि एप्रिल २०२५ ला परत आणला. सांगायचा मुद्दा असा की मागच्या वर्षी वाचलेला नियम यंदा लागू असेलच असे समजू नका. कोटेशनच्या तारखेचा नियम लेखी मागून घ्या.

आमच्याकडची बरीच छोटी मंडळी प्रॉक्समॉक्सकडे वळली, तोही हायपरवायझरच. व्हिएन्नाची कंपनी आहे, सॉफ्टवेअर मुक्तस्रोत. वर्गणी सॉकेटवर, कोअर कितीही असोत. रॅकवाल्यांना सहा सॉकेटचे पैसे.

पेंग्विन_पुणेरी

मी हेच लिहायला आलो होतो. केव्हीएम (प्रॉक्समॉक्सच्या पोटातला, व्हीएम चालवणारा भाग) लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून आहे. अठरा वर्षे झाली, लोक अजून "तयार आहे का?" विचारतात. वर्गणी नाही घेतली तरी प्रॉक्समॉक्स पूर्ण चालते, लॉगिन केल्यावर एक खिडकी येते, ती बंद करायची. लायसन्सची कटकट मुळातच संपली, धागा बंद करा.

कॅडकाकू

@पेंग्विन_पुणेरी, धागा इतक्यात बंद करू नका. हायपरवायझर बदलला म्हणून १४ विंडोज व्हीएमचे लायसन्स माफ होत नाही. एसक्यूएलचे होत नाही. कॅडचे तर अजिबात नाही. घर बदलले म्हणून विम्याचा हप्ता चुकत नाही.

पेंग्विन_पुणेरी

काकू, मुद्दा मान्य. पण विंडोज तरी कशाला हवी?

कॅडकाकू

कारण पगार ज्या सॉफ्टवेअरमधून निघतो ते विंडोजवर चालते. तुमचा पगारही बहुधा.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खटपट्या

काकूंनी बरे केले विंडोजकडे वळवले. रॅकवाले, खरा घोळ तिथे असतो. तुमची सध्याची विंडोज लायसन्स कोणती आणि किती?

रॅकवाला

विंडोज सर्व्हर स्टँडर्ड. वितरक (हाच) म्हणाला होता, एका लायसन्सवर दोन व्हीएम चालतात, १४ व्हीएम म्हणजे सात घ्या. आम्ही २४-२४ कोअरची सात घेतली. चुकले?

खटपट्या

चुकले, आणि एकटे तुम्ही नाही चुकलात, अर्धा महाराष्ट्र असाच चुकलेला आहे.

नीट सांगतो. सर्व्हर २०१६ पासून विंडोज सर्व्हर प्रत्यक्ष कोअरवर मोजतात. इथे किमान दर सीपीयूला ८ आणि दर सर्व्हरला १६. तुमचे २४ आहेत, म्हणून २४ च. (बघा, एकाच डब्यावर दोन कंपन्यांच्या दोन मोजपट्ट्या. मायक्रोसॉफ्टला तुमचे ७२ दिसतात, व्हीएमवेअरला ९६.) सर्व्हरचे सगळे २४ कोअर एकदा स्टँडर्डने झाकले की त्या सर्व्हरवर दोन व्हीएमची परवानगी. चार हव्यात तर तेच २४ कोअर पुन्हा झाकायचे. सहा हव्यात तर तिसऱ्यांदा. डेटासेंटर आवृत्ती घेतली तर एकदा झाकले की कितीही.

आता गाठ इथे आहे: वर्गणी किंवा सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा देखभाल करार) नसेल तर लायसन्स व्हीएमला चिकटत नाही, लोखंडाला (प्रत्यक्ष सर्व्हरला) चिकटते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर ते ९० दिवसांत एकदाच हलवता येते. तुमच्या व्हीएम मात्र रात्रीत दहा वेळा इकडून तिकडे जात असतील, कारण क्लस्टर आहे (तिन्ही सर्व्हर एकत्र जोडलेले). म्हणजे कुठल्याही सर्व्हरवर एका वेळी जास्तीत जास्त जितक्या विंडोज व्हीएम येऊ शकतात, तितक्यांचे लायसन्स त्या सर्व्हरवर हवे. चौदाच्या चौदा कुठेही जाऊ शकत असतील तर सात थर (सगळे कोअर एकदा झाकणे म्हणजे एक थर) गुणिले तीन सर्व्हर, एकवीस थर.

विंडोज सर्व्हर २०२२ च्या यादीतल्या किमती १६ कोअरला स्टँडर्ड १,०६९ डॉलर आणि डेटासेंटर ६,१५५ अशा होत्या. तुमच्या २४ कोअरला दीडपट करा. एकवीस थर स्टँडर्ड म्हणजे साधारण ३३,७०० डॉलर. तीनही सर्व्हरना डेटासेंटर २७,७००. तेव्हा डेटासेंटर घ्या आणि सुखाने झोपा.

सरळमार्गी

डेटासेंटर घ्या हे मला पटत नाही. बँकेला ठीक, भोसरीच्या कारखान्याला नाही.

चौदा व्हीएम कुठेही उधळू द्यायच्याच कशाला? नियम बांधा. रोजच्या दिवशी ५, ५, ४ अशा वाटा. एक सर्व्हर पडला तर उरलेल्या दोघांवर सात-सात. सात व्हीएमना चार थर लागतात, म्हणजे आठांची सोय. तीन सर्व्हर गुणिले चार, बारा थर. खटपट्यांच्याच आकड्यांनी १९,२०० डॉलरच्या आसपास. साडेआठ हजार डॉलर वाचले, आणि एक सर्व्हर पडला तरी कायदेशीर.

अट एकच, एका सर्व्हरवर आठाच्या वर विंडोज व्हीएम जाऊ द्यायच्या नाहीत.

खटपट्या

@सरळमार्गी, गणित चोख आहे, मान गये. पण ती अट पाळणार कोण? पुढच्या वर्षी ईआरपीवाला येणार, "टेस्टिंगला एक व्हीएम द्या". मग एचआरवाले. सोळा झाल्या की तुमची व्यवस्था काठोकाठ, आणि सतरावी कोणी केली हे ऑडिटच्या दिवशी कळणार.

सरळमार्गी

म्हणून तर सोळा ही मर्यादा सर्व्हररूमच्या दारावर लिहून ठेवायची. आमच्याकडे आहे. चार वर्षे पाळली. सतरावी मागणाऱ्याला खर्चाचा कागद देतो, मागणी आपोआप मागे जाते.

रॅकवाला

माझे डोके गरगरतेय. म्हणजे आज माझ्याकडे सात थर आहेत आणि हवेत किमान बारा?

सरळमार्गी

हो. किंवा आजच्या आज व्हीएम बांधून ठेवल्या, ५, ५, ४, तर ३+३+२ असे आठ. एक कमी पडतोय. तो विकत घ्या, हलवाहलव बंद करा, बाकीचे बजेटमध्ये मांडा. सर्व्हर कायमचा खलास झाला तर ९० दिवसांची अट नसते, तेव्हा अगदीच उघडे पडत नाही.

राईनकाठ

एसक्यूएल विसरू नका. तिथे दर व्हीएमला किमान ४ कोअर, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून व्हीएमपुरते लायसन्स घ्यायचे तर वर्गणी किंवा सॉफ्टवेअर ॲश्युरन्स असावेच लागते. रॅकवाल्यांच्या ईआरपीला किती व्हर्च्युअल कोअर दिलेत? "असू देत" म्हणून ८ दिले असतील आणि ४ पुरत असतील तर तिथे थेट अर्धे पैसे वाचतात.

आणि ओरॅकल डेटाबेस कोणी व्हीएमवर ठेवणार असेल तर आधी त्यांचे पार्टिशनिंगचे धोरण वाचा. व्हीएमवेअरला ते 'सॉफ्ट' विभागणी मानतात. म्हणजे ४ कोअरची व्हीएम असली तरी त्यांच्या लेखी ती जिथे जिथे जाऊ शकते ते सगळे लोखंड मोजायचे. एंटरप्राइज आवृत्तीची यादीतली किंमत दर प्रोसेसरला ४७,५०० डॉलर. इंटेलला कोअर फॅक्टर ०.५, तरी गुणाकार करून बघा आणि मग पाणी प्या.

रॅकवाला

दिलेत ८. "असू देत" म्हणूनच. तुम्ही आमच्या सर्व्हररूममध्ये येऊन गेलात का?

जुगाडू_नं_१

एवढं डोकं कशाला लावता? टेलिग्रामवर की मिळते ३०० रुपयात. आमच्या तिन्ही शाखांत तीच चालते, चार वर्षं झाली काही नाही झालं.

हिशेबनीस

@जुगाडू, मी सीए आहे, वकील नाही, पण एवढे सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. अनधिकृत प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. "माहीत असून" हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तुम्ही तो आत्ताच लेखी पुरवलात.

चहाबिस्किट

जुगाडूभाऊ, आयडी बदलून या.

हिशेबनीस

आलोच आहे तर अवांतर: रॅकवाले, वर्गणीकडे जाताना हिशेबात फरक पडतो. पूर्वी लायसन्स विकत घेतले की ती मालमत्ता, संगणक आणि त्याच्या सॉफ्टवेअरला ४० टक्के घसारा. आता दरवर्षी सरळ खर्च. जीएसटी १८ टक्के दोन्हीकडे, इनपुट क्रेडिट मिळते, म्हणून कोटेशनची तुलना कर सोडून करा. परदेशी कंपनीकडून थेट घेत असाल तर टीडीएसचा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ ला निकालात काढला आहे: तयार सॉफ्टवेअरची प्रत वापरण्याचे पैसे म्हणजे रॉयल्टी नव्हे. तरी बिल हाती आले की आधी तुमच्या सीएला दाखवा, मग पैसे पाठवा. उलटे करणारेच जास्त भेटतात.

झुळूक

पैशांवर बरेच झाले. रॅकवाल्यांचा दुसरा प्रश्न कोणी घेतच नाहीये. लायसन्स संपले की नक्की काय होते?

माझा अनुभव सांगते, चूक सर्वस्वी माझी. दोन वर्षांपूर्वी एक सर्व्हर जळाला. घाईघाईत नवीन आणला, ईएसएक्सआय टाकले, व्हीएम उठवल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. की टाकायची राहिली. ईएसएक्सआय मूल्यमापन अवस्थेत ६० दिवस चालते. ६० दिवस झाले, ७० झाले, ९० झाले. काहीही बंद पडले नाही! कारण लायसन्स संपले तरी चालू असलेल्या व्हीएम चालूच राहतात. सर्व्हर व्हीसेंटरपासून (सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारे सॉफ्टवेअर) तुटलेला दिसत होता, ते मी "नेटवर्कचं काहीतरी" म्हणून पुढे ढकलले.

मग आला गुरुवार. एमआयडीसीतल्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. वीजदुरुस्ती लांबली, यूपीएसने मान टाकली, सगळे बंद. संध्याकाळी वीज आली, सर्व्हर उठला, व्हीएम एकही उठेना. चालू असलेली बंद करत नाही, पण बंद असलेली चालू करू देत नाही. तीन महिन्यांपूर्वीची चूक मला गुरुवारी रात्री साडेआठला भेटली. की होती, पण ती ज्या मेलमध्ये होती तो मेल सर्व्हर त्याच बंद व्हीएममध्ये.

वाचनमात्र

शेवटचे वाक्य वाचून पोटात गोळा आला.

चहाबिस्किट

तिजोरीची किल्ली तिजोरीत. दंडवत!

रॅकवाला

@झुळूक, अगदी ह्याचीच भीती. मग काय केलेत?

झुळूक

वितरकाच्या पोर्टलवर मोबाइलवरून शिरले, की वहीत उतरवून हाताने टाकली. तेव्हापासून सगळ्या की, पोर्टलची लॉगिन नावे आणि करार क्रमांक कागदावर छापून अकाउंटच्या तिजोरीत. दर सहा महिन्यांनी नवा कागद. जुनाट वाटेल, वाटू दे.

जुनापुराणा

झुळूकताईंची तरी स्वतःची चूक होती. १२ ऑगस्ट २००८ आठवतो का कुणाला? ईएसएक्स (ईएसएक्सआयचा थोरला भाऊ) ३.५ अपडेट २ मध्ये बीटा काळातली मुदत तपासणारा कोड चुकून राहून गेला होता. तारीख १२ ऑगस्ट उजाडली आणि जगभर रीतसर पैसे भरलेल्या लोकांच्या व्हीएम सुरू होईनात. चालू होत्या त्या चालू, बंद केलेली उठेना, व्हीमोशनही (चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे) बंद. पॅच येईपर्यंतचा उपाय काय, तर सर्व्हरचे घड्याळ दोन दिवस मागे न्या. कंपनीच्या प्रमुखांनी, पॉल मारिट्झनी, जाहीर माफी मागितली.

म्हणून माझा नियम: नवीन अपडेट तिन्ही सर्व्हरवर एकदम टाकायचे नाही. एक सर्व्हर महिनाभर मागे ठेवायचा.

सरळमार्गी

घड्याळ मागे नेण्याचा उपाय आज करू नका बरं का. कॅडच्या लायसन्स सर्व्हरला घड्याळ मागे गेलेले दिसले की तो लगेच रुसतो.

कॅडकाकू

आता माझ्या विषयावर आलात. अंबडला एका कंपनीत आधी ड्रॉइंग काढायचे, आता लायसन्स सर्व्हर राखते. रॅकवाल्यांसाठी सविस्तर.

बहुतेक कॅडचा लायसन्स सर्व्हर फ्लेक्सएलएम जातीचा असतो. फाइलच्या पहिल्याच ओळीत सर्व्हरचे नाव, त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि पोर्ट. फाइल त्या मॅकवर सही केलेली. व्हीएमला मॅक पत्ता हायपरवायझर देतो, आणि बदलूही शकतो. आमच्या पोराने एकदा ती व्हीएम दुसऱ्या जागी उचलून ठेवली. सुरू करताना प्रश्न आला, "हलवली की कॉपी केली?" त्याने प्रामाणिकपणे "कॉपी केली" दाबले. नवी ओळख, नवा मॅक. सोमवारी सकाळी ३२ डिझाइनर चहा पीत बसले. "हलवली" दाबले असते तर काहीच झाले नसते. प्रामाणिकपणाचे फळ.

तेव्हा मॅक पत्ता हाताने पक्का करा. व्हीएमवेअरमध्ये त्यासाठी ००:५०:५६ ने सुरू होणारा राखीव टप्पा आहे, ००:५०:५६:३एफ पर्यंत. प्रॉक्समॉक्सला गेलात तरी जुना मॅक व्हीएमच्या सेटिंगमध्ये जसाच्या तसा लिहिता येतो, मात्र तुमच्या करारात यंत्र बदलल्याचे कळवायची अट आहे का ते आधी बघा. पोर्ट २७००० च्या आसपास असतो, पण विक्रेत्याच्या डीमनचा (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) पोर्ट दर वेळी वेगळा निघतो. तोही फाइलमध्ये पक्का करा, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर फायरवॉल अडवतो आणि तुम्ही लायसन्सला शिव्या घालता. त्या व्हीएमचा जुना स्नॅपशॉट (जतन केलेली आधीची स्थिती) परत फिरवू नका, आणि तिचे घड्याळ डोमेनशी जुळलेले ठेवा.

तीन सर्व्हरचे त्रिकूट करता येते, तिघांतले दोन जिवंत असले की लायसन्स मिळते. पण तिन्ही व्हीएम एकाच क्लस्टरवर ठेवणारे मी पाहिलेत. एकाच फांदीवर तीन घरटी.

आणि ज्यांना वाटते लायसन्स कमी पडतात, त्यांनी आधी दुपारी दीडला एलएमस्टॅट (लायसन्स कोणाकडे आहे ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. निम्मे लोक जेवायला गेलेले असतात आणि कॅड उघडे. ऑप्शन्स फाइलमध्ये रिकाम्या बसलेल्यांकडून लायसन्स काढून घ्यायची वेळ घालता येते. आमची पाच नवीन लायसन्स घ्यायची होती, एकही घ्यावी लागली नाही.

खटपट्या

काकू, ह्यावर वेगळा लेख लिहा.

वाचनमात्र

+१. वाचनखूण साठवली आहे.

गोकुळशिरगाव_फौंड्री

आमच्यात मॅक-बिक नाही, डोंगल आहे. यूएसबीचा, लायसन्स त्याच्यातच. कास्टिंगच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, सर्व्हरच्या मागं लावलेला.

तीन वर्सामागं खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा. सर्व्हर पण मशीनच की. पोरांनी रॅक पुसून काढला, झेंडूची माळ, हळद-कुंकू. पुसताना मागचा "पेन ड्राइव्ह" कुणीतरी काढला, त्याला पण कुंकू लावलं, आणि हरवायला नको म्हणून ड्रॉवरमधी ठेवला. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडंना. विक्रेत्याला फोन, नेटवर्कवाल्याला फोन, आम्ही व्हीएम तीनदा नवीन केली. दीड दिवसानं ड्रॉवरमधी सेलोटेप शोधताना सापडला. तोंडात कुंकू अडकलेलं. माचिसच्या काडीनं साफ केला, लावला, चालू.

आता डोंगल नेटवर्कवरून यूएसबी देणाऱ्या डब्यात आहे, डबा कुलपात. व्हीएम कुठल्याबी सर्व्हरवर जाऊ दे, डोंगल जागचा हालत नाही. पूजा बाहेरून.

चहाबिस्किट

धाग्याचा मानकरी मिळाला. फौंड्रीभाऊंना तांबडा-पांढरा रस्सा माझ्याकडून.

म्हापशेकार

आमच्या म्हापशाच्या ऑफिसात डोंगलाक "देव" म्हणतात. कोण हात लावत नाही.

खटपट्या

झुळूकताईंनी विषय बरोबर धरलाय, तो पुढे नेतो. रॅकवाले, तुमच्या यादीत किंमत आणि तारीख ह्यांच्याशेजारी "संपल्यावर काय होते" हा रकाना हवाच. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ईएसएक्सआय: वर सांगितले, बंद झालेली व्हीएम उठत नाही. तुमचे जुने कायमस्वरूपी लायसन्स मात्र संपत नाही, ईएसएक्सआय ७ चालत राहील, पॅच आणि सपोर्ट तेवढे थांबले. पुढे कधी व्हीसीएफ ९ (व्हीएमवेअरचा मोठा संच) घेतलेत तर तिथे वापराचा अहवाल दर १८० दिवसांच्या आत द्यायचा असतो, इंटरनेट नसलेल्या जागी फाइल हाताने चढवून. ती तारीख कॅलेंडरवर टाका. विंडोज सर्व्हरची चाचणी प्रत १८० दिवसांची, नंतर तासातासाला स्वतःच बंद होते, त्यामुळे निदान लपून राहत नाही. केएमएसवर (कंपनीतच ठेवलेला, विंडोज सक्रिय करणारा सर्व्हर) सक्रिय केलेली विंडोज १८० दिवस धरते आणि दर सात दिवसांनी नूतनीकरण करून बघते. म्हणजे केएमएस सर्व्हर मेला तरी पहिले पाच-सहा महिने कुणाला पत्ता लागत नाही. प्रॉक्समॉक्सची वर्गणी संपली तर व्हीएमना काही होत नाही, एंटरप्राइज भांडारातून अपडेट येणे थांबते. तिथली अडचण वेगळी, सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला की त्याची ओळख बदलते आणि की पुन्हा जारी करून घ्यावी लागते.

ओरडून मरणाऱ्यांची मला भीती वाटत नाही. गुपचूप मरून रीस्टार्टची वाट बघणाऱ्यांची वाटते.

झुळूक

त्यावर उपाय एकच, रीस्टार्ट आपणच करायचा. आम्ही तिमाहीला एका शनिवारी एकेक सर्व्हर पूर्ण बंद करून चालू करतो. जे फुटायचे ते शनिवारी फुटते, मी डबा घेऊन बसलेली असते.

पेंग्विन_पुणेरी

म्हणजे शेवटी प्रॉक्समॉक्स घ्यायचे की नाही?

सरळमार्गी

घ्या, पण "फुकट" म्हणून नको. पोरगा एकच आहे त्यांच्याकडे. २०२४ पासून ईएसएक्सआयमधून व्हीएम आणायची सोय त्यात आहे, वीमचा बॅकअपही २०२४ पासून चालतो. तरी २२ व्हीएम हलवायच्या म्हणजे दोन महिन्यांचे शनिवार-रविवार धरा आणि त्या पोराच्या आईला आधी विचारा.

रॅकवाला (२ नोव्हेंबर, रात्री ११:४०)

मंडळी, धागा वर आणतोय.

हायपरवायझरचा निर्णय मार्चपर्यंत लांबवला आहे. ९६ कोअरचे कोटेशन नाकारलेले नाही, पण शेजारी दुसरे मांडले: ३२ कोअरच्या एका-एका सीपीयूचे दोन नवे सर्व्हर. ६४ कोअर होतात आणि हवेचे पैसे शून्य. लोखंडाचा खर्च धरून तीन वर्षांत काय पडते ते हिशेबनीसांच्या सल्ल्याने कर सोडून काढतोय. प्रॉक्समॉक्स एका जुन्या डब्यावर टाकून चार लिनक्स व्हीएम तिकडे नेल्या आहेत, पोरगा खूश, आईची परवानगी बाकी.

विंडोजचा आठवा थर घेतला, व्हीएम ५-५-४ बांधल्या. एसक्यूएलचे ८ वरून ४ कोअर केले, ईआरपीवाल्यांना कळलेसुद्धा नाही. कॅडचा मॅक पत्ता पक्का केला. सावंतवाडीला फोन करून साहेबांकडून दोन पोर्टलचे पासवर्ड मिळवले. त्यांनी विचारले, "झाकणावरची पुसली नाहीस ना?"

आणि झुळूकताईंचा शनिवार काल केला. दोन सर्व्हर नीट उठले. तिसऱ्यावरच्या दोन व्हीएमच्या लॉगमध्ये "केएमएस सर्व्हर सापडत नाही" अशी नोंद दिसली. शोधले तर डीएनएसमध्ये (नेटवर्कवरच्या नावांच्या यादीत) केएमएस म्हणून नाव जुन्याच, जूनमध्ये बंद केलेल्या सर्व्हरचे. १८० दिवस डिसेंबरात संपले असते.

झुळूक

डबा काय होता?

रॅकवाला

मेथीचे ठेपले. बायकोने विचारले, सर्व्हर बंद करायला रात्रभर लागते का? म्हटले, बंद करायला नाही लागत.

नवाकोरा_आयडी

छान धागा. पण एक कळले नाही, १२ × ६ = ७२ होतात ना, मग ९६ कसे?

चहाबिस्किट

कार्यालयवाल्याला विचारा.